वाचकांचे प्रश्न: घरातली मारहाण आणि दवाखान्याचं काम

घरातल्या हिंसाचारात दवाखान्याने नेमकं काय करायचं, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. पुणे शहरातून आणि हवेली, मुळशी, पुरंदर या तालुक्यांतून डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि स्वतः त्रास भोगणाऱ्या स्त्रियांनी लिहिलं. त्यांतले काही प्रश्न नावं काढून इथे दिले आहेत. उत्तरं आमच्या सल्लागार गटातले फॅमिली डॉक्टर, समुपदेशक आणि वकील यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: धनकवडीत माझा दवाखाना आहे. संध्याकाळी पन्नास-साठ पेशंट असतात. काही बायका डोकेदुखी, अंगदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी घेऊन महिन्यातून दोन-तीनदा येतात. रिपोर्ट नॉर्मल. सोबत नवरा नाहीतर सासूबाई. शंका येते, पण विचारायचं कसं? आणि ती ‘हो’ म्हणाली तर पुढे काय?

उत्तर: शंका येते तिथे विचाराच. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. पण दुखण्याच्या मुळाशी घरातला त्रास असू शकेल असं वाटलं, तर तो प्रश्न हा तपासणीचाच भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींतल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम १४ टक्के. म्हणजे तुमच्या बाकावर अशा बायका रोज बसतात आणि बहुतेक जणी कुठेच बोललेल्या नसतात.

तुम्ही लिहिलेल्या तक्रारींशिवाय आणखी काही खुणा लक्षात ठेवा: ओटीपोटातलं जुनाट दुखणं, लघवीचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग, लागोपाठ नको असलेली गर्भधारणा, ‘गोळ्या घरी ठेवता येत नाहीत’ असं सांगणं, दोन-तीन दिवस उशिरा दाखवलेली जखम. पडल्यावर मार लागतो तो गुडघा, कोपर, तळहात, कपाळ अशा पुढे आलेल्या भागांवर. दंडाची किंवा मांडीची आतली बाजू, कानामागचा भाग, स्तन, पोट, पाठ इथले वळ जिन्यावरून पडून सहसा येत नाहीत. करंगळीच्या बाजूचं मनगटाच्या वरचं हाड मोडलं असेल, तर वार अडवायला हात आडवा धरला होता का, हे मनात यायला हवं. थोबाडीत मारल्यावर कानाचा पडदा फाटतो आणि बाई ‘कानात दडा बसलाय’ एवढंच सांगते. ऑटोस्कोपने बघा, कान कोरडा ठेवायला सांगा, तेल घालू देऊ नका आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा. असे बरेच पडदे दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतात.

आता विचारण्याबद्दल. ती एकटी असल्याशिवाय हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही, ही पहिली अट. नवरा, सासू, नणंद, एवढंच काय तिची आईसुद्धा तिथे नको. दोन वर्षांहून मोठं मूलही नको, कारण ते घरी जाऊन जसंच्या तसं बोलून दाखवतं. ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ असं तिच्याच नातेवाइकाला म्हटलं की संशय येतो आणि त्याची किंमत ती घरी मोजते. म्हणून दारावर ‘तपासणीच्या वेळी फक्त रुग्ण आत’ अशी पाटी लावा आणि ती सगळ्यांना, अगदी सर्दी-खोकल्याच्या पेशंटलाही, सारखी लागू करा. पंधरा दिवसांत लोकांना सवय होते. केबिन लहान असेल तर वजन, लघवीचा नमुना, पडद्याआडची पोटाची तपासणी ही निमित्तं असतातच. पडद्यापलीकडे बाकावर आवाज पोहोचत असेल तर मात्र पडद्याचा उपयोग नाही. पंखा मोठा करा किंवा खालच्या आवाजात बोला. हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारी असेल तर दुभाष्या म्हणून नातेवाइकाला बसवू नका.

शब्द साधे ठेवा. ‘ताई, अशा दुखण्यामागे कधीकधी घरातला त्रास असतो, म्हणून मी असं दुखणं असलेल्या सगळ्यांना विचारतो. घरात कुणी तुम्हाला मारतं, धमकावतं का? घरातल्या कुणाची भीती वाटते का?’ ‘छळ’, ‘अत्याचार’ हे शब्द टाळा, कारण थप्पड-लाथा खाणारी बाईसुद्धा ‘छळ नाही हो, रागाच्या भरात होतं’ म्हणते. ‘नाही’ म्हणाली तर दुसऱ्यांदा खोदून विचारू नका. ‘पुढे कधी असं काही झालं तर इथे सांगता येतं’ एवढं म्हणून सोडा. अनेक जणी तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलतात, आणि बोलतात त्या पहिल्यांदा विचारणाऱ्याशीच.

‘हो’ म्हणाली तर तुम्हाला तिचा संसार सोडवायला बसायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत पहिल्या भेटीत करायच्या पाच गोष्टी दिल्या आहेत: मध्येच न तोडता ऐकणं, आत्ता तिला कशाची गरज वाटते ते विचारणं, तिच्यावर विश्वास आहे आणि यात तिचा दोष नाही हे स्पष्ट बोलून दाखवणं, ती सुरक्षित आहे का ते पाहणं, आणि पुढची मदत जोडून देणं. नीट केलं तर दहा मिनिटं पुरतात. ‘तुम्ही काय केलंत म्हणून त्याने मारलं?’, ‘मुलांकडे बघून सहन करा’, ‘अजून त्याच्याबरोबर राहताच कशाला?’ ही तिन्ही वाक्यं सारखीच वाईट. शेवटचं बाईच्या बाजूचं वाटतं, पण ऐकणारीला त्यात आपलीच चूक दाखवल्यासारखी वाटते.

धोका मोजायला सहा प्रश्न आहेत. गेल्या सहा महिन्यांत मार वाढला का? कधी हत्यार उगारलं किंवा त्याची धमकी दिली का? गळा दाबायचा प्रयत्न केला का? तो जीव घेईल असं तिला स्वतःला वाटतं का? पोटुशी असताना मारलं का? सतत, हिंसक संशय घेतो का? सहापैकी तीन ‘हो’ आले तर आज घरी पाठवण्याआधी बाहेरची मदत हवी, असं समजा. आणि तिला स्वतःला जीवाची भीती वाटत असेल तर आकडा मोजत बसू नका.

जाता जाता: अशा बाईला झोपेच्या गोळ्या लिहून देण्याचा मोह टाळा. गुंगीत तिला पळता येत नाही, ओरडता येत नाही, आणि वाईट रात्री तीच गोळ्यांची पट्टी हाताशी असते.

प्रश्न: मी खासगी दवाखाना चालवते. मारहाणीची पेशंट आली की केसपेपरवर काय लिहावं, हे कुणी शिकवलंच नाही. ‘एमएलसीचं (पोलीस-कोर्टाच्या कामी येणाऱ्या वैद्यकीय नोंदीचं) काम सरकारी दवाखान्याचं’ असं सहकारी म्हणतात. कोर्टात ओढलं जाऊ नये म्हणून ‘अंगदुखी’ लिहून मोकळं होणारेही आहेत.

उत्तर: या सगळ्या विषयात आम्हाला सर्वांत जास्त तळमळीने सांगायचं आहे ते इथे. बाईकडे साक्षीदार नसतात, जखम आठ दिवसांत भरून येते आणि दोन वर्षांनी ती कोर्टात उभी राहते तेव्हा तिच्या बाजूने बोलणारा एकच कागद असतो, तुमच्या दवाखान्यात राहणारा केसपेपर. त्यावर ‘अंगदुखी’ लिहिलेलं असेल तर विरुद्ध बाजूचा वकील तोच कागद तिच्यावर उलटवतो.

आधी तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात लिहा: ‘काल रात्री १० च्या सुमारास नवऱ्याने कमरेच्या पट्ट्याने पाठीवर मारलं, भिंतीवर डोकं आपटलं.’ कोणी, कधी, कशाने, कुठे हे चारही यायला हवं. ‘मारहाण’ एवढा शब्द लिहून नवऱ्याचा उल्लेख गाळणं ही सर्रास होणारी चूक आहे. ‘रुग्ण असा दावा करते’ असंही लिहू नका. छातीत दुखतं म्हणणाऱ्या पेशंटबद्दल आपण ‘दावा’ लिहितो का? ‘रुग्णाने सांगितलं’ पुरे. ती ‘पडले’ म्हणाली आणि तुम्हाला पटलं नाही, तर तेही लिहा: ‘सांगितलेलं कारण आणि जखमेचं स्वरूप जुळत नाही.’

मग जखमा, एकेक करून, क्रमांक देऊन. जागा हाडाच्या खुणेपासून मोजायची, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग आणि आकार. उदाहरणार्थ: ‘उजव्या दंडाच्या आतल्या बाजूस, कोपराच्या वर ६ सेंमी, ४ × २ सेंमी, जांभळट वळ, दाबल्यावर दुखतो.’ शरीराच्या पुढच्या-मागच्या बाजूचं रेखाचित्र छापून ठेवा आणि त्यावर क्रमांक टाका. वळाच्या रंगावरून ‘तीन दिवसांपूर्वीची जखम’ असं छातीठोक लिहू नका. रंग बदलण्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो. रंग लिहा, वय लिहू नका. वेगवेगळ्या रंगांचे वळ एकाच वेळी दिसले तर तेवढं नोंदवा.

सगळ्या जखमांना हाताच्या सवयीने ‘सीएलडब्ल्यू’ लिहिण्याची खोड फार नडते. सीएलडब्ल्यू म्हणजे बोथट वस्तूने फाटलेली जखम, तिच्या कडा खरबरीत असतात. विळी-चाकूच्या कापलेल्या जखमेच्या कडा सरळ असतात, ती ‘इन्साइज्ड’. बाई सांगते चाकू आणि कागद सांगतो बोथट वस्तू, मग उलटतपासणीत तिचं सगळंच म्हणणं खोटं ठरवलं जातं.

जखम साधी की गंभीर, याचं मत घाईने देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही गंभीर दुखापत आहे. सुजलेल्या नाकाला बर्फ लावून ‘साधी’ लिहिलं आणि नंतर नाकाचं हाड मोडलेलं निघालं, तर गुन्ह्याचं कलमच बदलतं. ‘एक्स-रेनंतर मत देऊ’ असं लिहा आणि एक्स-रे झाल्यावर आठवणीने मत द्या. दुसरा भाग राहूनच जातो.

फोटो तिची लेखी संमती घेऊन काढा: एक लांबून, ज्यात शरीराचा भाग ओळखू येईल, एक जवळून, आणि एक शेजारी मोजपट्टी ठेवून. ते तुमच्या घरच्या व्हॉट्सॲपवर फिरता कामा नयेत.

एमएलसीबद्दलचा गैरसमज: नोंदणीकृत डॉक्टर खासगी असो वा सरकारी, तपासलेल्या जखमांचा दाखला तो देऊ शकतो. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणून उपचार अडवणं तर कुठेच बसत नाही. घरगुती हिंसाचार कायदा २००५ च्या नियमांप्रमाणे, शासनाने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय केंद्राला अशा स्त्रीला परत पाठवता येत नाही. आधी अहवाल झालेला नसेल तर केंद्रप्रमुखाने नमुना १ मधला ‘घरगुती घटना अहवाल’ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली स्त्रीला मदत करायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) पाठवायचा असतो आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची असते. खासगी डॉक्टरही कलम ४ खाली संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पण तिच्याशी बोलून, तिच्या संमतीने.

प्रश्न: लग्नाला नऊ वर्षं झाली. तो मारतो, पण पोलिसांत जायची माझी तयारी नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं तर ते पोलिसांना कळवतील का? घर सासऱ्यांच्या नावावर आहे. बाहेर काढलं तर मी दोन मुलींना घेऊन कुठे जाऊ?

उत्तर: ताई, डॉक्टरांना खरं सांगा. भाजणं, विष घेणं, हत्याराची किंवा मोठी जखम असेल तर रुग्णालय एमएलसी नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. इतर वेळी तुम्हाला न विचारता कळवू नका, असं तुम्ही आधीच सांगू शकता. एमएलसी झाली म्हणजे तक्रार झाली असं नाही. पोलीस आले तरी जबाब द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवता. ‘सध्या तक्रार करायची नाही’ असं म्हणालात तर तेवढं कागदावर लिहून घ्यायला सांगा आणि कागद जपून ठेवा, म्हणजे पुढे वाट बंद होत नाही.

पोलिसांत न जाताही घरगुती हिंसाचार कायद्याखाली मदत मागता येते. हा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे, नवऱ्याला लगेच अटक व्हावी यासाठी नाही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलींचा ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तुम्ही संसार करत राहिलेल्या घरात राहण्याचा हक्क कायदा मानतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिली तारीख अर्जापासून साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करायला वकिलांना सांगा.

वकिलाचे पैसे लागणार नाहीत. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन, पोलीस आणि वकील यांची मदत एका जागी मिळते. पुणे पोलिसांच्या भरोसा सेल या मदत कक्षातही नुसतं बोलायला जाता येतं. पोलिसांचं नावच नको असेल तर नारी समता मंचासारख्या संस्था शहरात कित्येक वर्षं हे काम करत आहेत.

नवरा इच्छेविरुद्ध संबंध ठेवत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. घरगुती हिंसाचार कायद्यात ती लैंगिक हिंसा धरली आहे. गर्भधारणेची भीती असेल तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी चालते. आणि गर्भपाताची वेळ आलीच तर सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही. कुणी मागितली तर ती कायद्याबाहेरची मागणी आहे.

प्रश्न: जावयाने मुलीचा गळा दाबला. परवाची गोष्ट. गळ्यावर खूण नाही, पण तिचा आवाज बसलाय. घशाला आराम पडेल म्हणून गरम पाणी देतोय.

उत्तर: गरम पाणी पुरे, तिला आजच मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. ससून रुग्णालय चोवीस तास उघडं असतं. गळा दाबल्यावर बाहेरून काहीच न दिसणं नेहमीचं आहे. आतून स्वरयंत्राला सूज आलेली असू शकते, मानेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराला चीर पडलेली असू शकते, आणि त्यातून काही तासांनी किंवा दिवसांनी अर्धांगवायू येतो. बसलेला आवाज, गिळताना दुखणं, धाप, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, त्या वेळी शुद्ध हरपणं किंवा कपड्यांत लघवी होणं, यांतलं काहीही असेल तर मानेच्या रक्तवाहिन्यांचं सीटी अँजिओग्राफी करायचं की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील. तुम्ही ‘घसा दुखतो’ म्हणू नका, ‘गळा दाबला’ असंच सांगा, नाहीतर तपासणीची दिशाच चुकते. गरोदर असेल तर बाळाचे ठोकेही पाहायला हवेत.

आणि एक: गळा दाबणाऱ्या माणसाकडून पुढे जीव जाण्याचा धोका इतर मारहाणीपेक्षा कितीतरी जास्त असतो. रुग्णालयातून तिला परत त्याच घरी सोडू नका.

प्रश्न: महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. भांडणानंतर उंदीर मारायची पेस्ट खाल्लेली बाई आणली. दोन उलट्या झाल्या, मग ठीक होती. सासरच्यांनी घरी न्यायची घाई केली.

उत्तर: जाऊ देऊ नका. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टमध्ये हाच घात असतो. पहिल्या दिवशी उलट्या, पोटदुखी, मग एक-दोन दिवस अगदी बरं वाटतं आणि त्यानंतर यकृत निकामी व्हायला लागतं. या विषावर उतारा नाही, म्हणून मोठ्या रुग्णालयात ठेवून रोज यकृताच्या चाचण्या आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघावा लागतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ट्यूब किंवा खोकं बरोबर पाठवा, कारण झिंक फॉस्फाइड आणि रक्त पातळ करणारी विषं यांचा उपचार वेगळा असतो.

‘केस होईल’ या भीतीने नातेवाईक लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. हे तिला आणि त्यांना स्पष्ट सांगा. आणि ती एकटी असताना विचारा, स्वतः घेतली की कुणी दिली.

प्रश्न: मी पर्वतीजवळच्या वस्तीत आशा आहे. एका ताईने मला सगळं सांगितलं. नवऱ्याला तिच्या केसपेपरवरून कळलं. आता तो मला दारात उभं करत नाही. तिला कशी मदत करू?

उत्तर: आशाताई, चूक तुमची नाही, कागदाची आहे. रुग्णाच्या हातात जाणाऱ्या केसपेपरवर मारहाणीचा तपशील लिहायचा नसतो. तपशील दवाखान्याच्या नोंदवहीत, हातातल्या कागदावर फक्त औषधं आणि एखादी ठरवलेली खूण. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ही पद्धत आत्ताच पाडून घ्या.

तिच्या दारात सध्या जाऊ नका. लसीकरणाचा दिवस, अंगणवाडी, बाळाचं वजन, रेशनचं दुकान अशा ठिकाणी गाठ पडू द्या. फोन करायचा तर तिने सांगितलेल्या वेळीच, आणि उचलल्यावर आधी ‘बाळाच्या डोसबद्दल बोलायचंय, आत्ता बोलता येईल का?’ असं विचारा. ‘नंतर’ म्हणाली की ठेवा. मेसेज पाठवू नका. तिच्या फोनचं लोकेशन नवऱ्याला दिसतं का, कॉलची यादी कोण बघतं, हे तिला विचारून घ्या. १८१ हा आकडा पाठ करून घ्या, लिहून देण्यापेक्षा बरा.

मग शांतपणे बसून एक बेत ठरवा. भांडण पेटताना स्वयंपाकघरात आणि न्हाणीत जायचं नाही, एकीकडे विळी-गॅस, दुसरीकडे कोंडी. दाराजवळ राहायचं. शेजारच्या भरवशाच्या एका घराशी ठरलेला शब्द, तो ऐकला की त्यांनी ११२ लावायचा. मोठ्या मुलाला शिकवायचं की मध्ये पडायचं नाही, त्या घरी पळत जायचं. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला किंवा फोटो, मुलांचे जन्मदाखले, चालू औषधं, एक जोड कपडे, रिक्षापुरते पैसे हे एका पिशवीत. पिशवी घरात नको, दुसऱ्याकडे. मूळ कागद हलवले तर त्याच्या लक्षात येतील, म्हणून आधी झेरॉक्स. घर सोडण्याचा दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून ‘मी जाणार’ असं त्याला सांगून निघायचं नाही, आणि ‘निघ’ असा आग्रह आपणही धरायचा नाही. कधी निघायचं हे तिला कळतं.

तुमच्यावर तो धावून आला तर एकट्याने वस्तीत जाऊ नका. घटना लेखी कळवा. आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. तुमच्या घटनेला तो कसा लावायचा, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत पोलिसांशी बोलून घ्या.

प्रश्न: नवरा-बायको दोघंही वीस वर्षांपासून माझे पेशंट. तो दारू पितो आणि मारतो, हे तिने सांगितलं. दोघांना समोरासमोर बसवून चार गोष्टी सांगाव्यात असं वाटतं. तिने दारू सोडवायचं औषधही मागितलं आहे, ‘भाजीत घालते’ म्हणते.

उत्तर: दोन्ही करू नका. समोरासमोर बसवलं की ती दोनपैकी एक करते: गप्प बसते, आणि मग तुम्हाला वाटतं की तिने वाढवून सांगितलं होतं; किंवा बोलते, आणि रात्री त्याचा हिशेब चुकता होतो. मारणारा आणि मार खाणारी यांच्यात समेट घडवणं हे फॅमिली डॉक्टरच्या मायेचं काम वाटतं, पण बोलणी बरोबरीच्या माणसांत होतात. तिने सांगितलेलं त्याच्यापर्यंत तुमच्याकडून कोणत्याही रूपात जाता कामा नये, ‘जरा शांत राहत जा’ या वाक्यातूनसुद्धा. तो विचारेल, ‘काय म्हणत होती?’ उत्तर एकच: ‘एका पेशंटचं दुसऱ्याला सांगत नाही, तुमचंही तिला सांगत नाही.’ दोघांचे कागद, दोघांच्या वेळा वेगळ्या ठेवा आणि रिसेप्शनला बसणाऱ्या व्यक्तीला हे नीट समजावा. बातमी बहुतेकदा तिथूनच फुटते.

न सांगता जेवणात कालवलेलं डायसल्फिरम, म्हणजे ते दारू सोडवायचं औषध, हा जीवघेणा प्रकार आहे. त्यावर दारू पोटात गेली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. ज्याला औषध चालू आहे हेच ठाऊक नाही, तो पिणं टाळणार कसा? आणि भाजीतलं गुपित फुटलं तर मार कुणाला बसणार, हे वेगळं सांगायला नको.

त्याच्या दारूबद्दल त्याच्याशी, त्याच्याच तक्रारीतून बोला. यकृताच्या चाचण्या, पित्त, झोप, हातांची थरथर ही दारं उघडी असतात. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करत आहे. घरीच एका दिवसात दारू बंद करायला सांगू नका. रोज पिणाऱ्याला पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि त्या अवस्थेतला माणूस घरात अधिक धोकादायक असतो. दारू सुटली म्हणून मारही सुटला असं तिच्या बाबतीत धरून चालू नका. हात उगारायची सवय नशेवर अवलंबून असतेच असं नाही. पुढच्या प्रत्येक भेटीत तिला पुन्हा एकटीला विचारत राहा.

प्रश्न: कोथरूडमध्ये शेजारी एक ७८ वर्षांच्या आजी मुलाकडे राहतात. अंगावर वळ दिसतात, मधुमेहाच्या गोळ्या मिळत नाहीत म्हणतात. मुलगा फ्लॅट नावावर करून मागतोय. हे ‘घरगुती हिंसाचारा’त येतं का?

उत्तर: येतं. मुलाविरुद्ध आईलाही त्याच कायद्याखाली अर्ज करता येतो. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर छळ करणाऱ्या सुनेविरुद्धही दाद मागता येते. शिवाय २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जावर महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो.

फ्लॅटच्या कागदांवर घाईने सही करू नये. करायचीच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात हवेत. ती अट असेल आणि मुलाने पाळली नाही, तर या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर झगडणं फार अवघड जातं.

डॉक्टरांकडे नेताना साखरेची एचबीए१सी चाचणी करायला सांगा. तीन महिन्यांत औषध नीट मिळालं का, याचा अंदाज तिच्यावरून येतो. वजन, पाठीवरचे व्रण, गुंगीच्या गोळ्या दिल्या जातात का हेही बघायला हवं. हिंडता-फिरता येत नसेल तर घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सून-मुलाला खोलीबाहेर पाठवूनच बोलावं. ऐकू कमी येत असेल तर प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावेत, ओरडून विचारले तर भिंतीपलीकडे पोहोचतात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन शेजारी म्हणून तुम्हीही लावू शकता. फक्त आधी आजींना विचारा, आणि फोन त्यांच्या घरातून करू नका.